दुपारी ट्रिप होणारा स्टार्टर: चोपडा तालुक्यातल्या एका केळीबागेचं प्रकरण

चोपडा तालुक्यात, तापी आणि सातपुड्याच्या मधल्या काळ्या जमिनीवरच्या एका केळीबागेत मेच्या शेवटी साडेसात एचपीची सबमर्सिबल मोटर जळाली. त्या आठवड्यात लाइट रात्रीची होती. स्टार्टर ऑटोवर टाकून सगळे गावात झोपायला गेले होते. सकाळी शेतावर पाहिलं तर ठिबकच्या नळ्या कोरड्या आणि किटकॅटचे (चिनी मातीच्या खाचेतले) दोन फ्यूज उडालेले. नवे फ्यूज घालताच तेही उडाले. केबलवर मेगर (तारांचं वेष्टन शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) लावला तेव्हा काटा शून्यावरून हलला नाही, म्हणजे मोटर गेलेली.

मला निरोप आला तो असा: "जुना रिले बोगस निघाला, येताना चांगला नवा रिले घेऊन या." म्हणजे निकाल आधीच लागला होता. मोटर वाचवणं हे रिलेचं काम, मोटर जळाली, म्हणून दोष रिलेचा. आमच्या पट्ट्यात बहुतेक जळालेल्या मोटरींचा पंचनामा इथेच संपतो आणि नवा रिले बसून तीच मोटर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जळते. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते त्यासाठी. या बागेतला रिले मोटर जळायच्या आधी रोज दुपारी काहीतरी सांगत होता.

बागेचे मालक साठीच्या पुढचे. गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो. कांदेबाग (हिवाळ्याच्या तोंडावर लावलेली केळी) निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडायच्या, तोंडावर आलेली. वर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचं ऊन आणि झाडांच्या चिंध्या करणारा वारा. या अवस्थेत दोन दिवस पाणी चुकलं तर घड लहान निघतो आणि तो नंतर कितीही पाणी दिलं तरी भरून येत नाही. आप्पांच्या जागी कुणीही असतं तरी पहिला विचार पाण्याचाच केला असता. ते म्हणाले, "रोज दुपारले ट्रिप व्हस, मंग काय करानं? केळीले पानी तं देनंच पडी." गावातल्या वायरमन मुलाने यावर उपाय केला होता. रिलेवरची, किती अँपिअर चालतील ते ठरवणारी चकती त्याने 14 वरून फिरवून शेवटच्या टोकाला, 22 वर नेली. ट्रिप होणं त्याच दिवशी थांबलं. पुढच्या दहा-बारा दिवसांत मोटर गेली.

डबा उघडून मी आधी चकती पाहिली. पण तिच्याबद्दल बोलण्याआधी डब्यातल्या वस्तू काय करतात ते सांगतो, कारण शेतावर या सगळ्यांना मिळून एकच नाव आहे, स्टार्टर, आणि गोंधळ तिथूनच होतो.

रिले म्हणजे विजेने चालणारं बटण. तारेची एक कॉइल, तिच्या आत लोखंडी गाभा, समोर स्प्रिंगने मागे ओढून धरलेली लोखंडी पट्टी आणि त्या पट्टीला जोडलेले संपर्क. कॉइलमध्ये प्रवाह गेला की गाभ्याचं चुंबक होतं, पट्टी ओढली जाते, संपर्क जुळतात किंवा सुटतात. प्रवाह थांबला की स्प्रिंग सगळं पूर्ववत करते. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी 1835 च्या सुमाराला ही रचना वापरली आणि पुढे ती तारायंत्रात गेली. लांबून येताना क्षीण झालेला प्रवाह घंटा वाजवू शकत नसे, पण एक हलकी पट्टी ओढू शकत असे, आणि ती पट्टी जवळच्या ताज्या बॅटरीचं सर्किट जोडून देई. लहान प्रवाहाने मोठ्या प्रवाहाला हुकूम द्यायचा आणि दोघांच्या तारा एकमेकींना कुठेही लागू द्यायच्या नाहीत, एवढ्यासाठीच ही वस्तू जन्मली.

स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर हा याच जातीचा, फक्त दणकट. आपण हिरवं बटण दाबतो तेव्हा बोटाखालून मोटरचा प्रवाह जात नाही. जातो तो कॉइलचा, पट्टी धरून ठेवल्यावर जेमतेम 25-30 मिलिअँपिअर. मोटर मात्र सुरू होताना क्षणभर 70-80 अँपिअर ओढते आणि तो सगळा भार कॉन्टॅक्टरचे चांदीच्या मिश्रधातूचे संपर्क सोसतात. पूर्वी चाकूसारख्या पात्याचा स्विच हाताने ओढून मोटरी चालवायचे. ठिणगीने हात भाजलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. हात आणि ठिणगी यांच्यात अंतर पडलं ते या कॉइलमुळे.

हिरवं बटण सोडल्यावरही मोटर चालू राहते, कारण कॉन्टॅक्टरचाच एक छोटा संपर्क बटणाला समांतर जोडलेला असतो आणि तो कॉइलला वीज देत राहतो. लाइट गेली की कॉइल सुटते, हा संपर्कही सुटतो, आणि लाइट परत आली तरी कुणी बटण दाबेपर्यंत मोटर सुरू होत नाही. नो-व्होल्ट कॉइल म्हणतात ती हीच. बोअरवर माणूस पाइप खोलत असताना लाइट आली तर त्याचा जीव वाचावा ही त्यामागची सोय आहे. ऑटो स्विच नेमकी हीच सोय काढून घेतो. रात्री दोन वाजता येणाऱ्या लाइटसाठी शेतकऱ्याने साप-विंचवाच्या वाटेने, आता तर बिबट्याच्याही भीतीने, शेतावर जायचं का, हा प्रश्न खरा आहे आणि ऑटोला माझा विरोध नाही. पण ज्या डब्यावर ऑटो आहे, त्या डब्यात माणसाच्या जागी पहारा देणारं दुसरं काहीतरी असलंच पाहिजे.

तो पहारा म्हणजे ओव्हरलोड रिले. हा वरच्या दोघांहून वेगळा, यात चुंबक नाही. मोटरच्या तिन्ही फेजचा प्रवाह यातल्या तीन छोट्या तापक तारांमधून जातो आणि प्रत्येक तारेजवळ दोन धातू एकावर एक चिकटवलेली पट्टी असते. एक धातू तापल्यावर जास्त वाढतो, दुसरा जवळजवळ वाढतच नाही. त्यासाठी निकेल आणि लोखंडाचा मिश्रधातू वापरतात. तसा पहिला मिश्रधातू, इन्वार, शार्ल गिलोम यांनी 1896 मध्ये शोधला आणि त्या कामासाठी त्यांना 1920 चं नोबेल मिळालं. पट्टी तापली की कमी वाढणाऱ्या धातूच्या बाजूला वाकते. पुरेशी वाकली की ती एक सरकपट्टी ढकलते आणि 95-96 असे आकडे लिहिलेला छोटा संपर्क उघडतो. हा संपर्क कॉइलच्या वाटेत असतो. तो उघडला की कॉइल सुटते, कॉन्टॅक्टर पडतो, मोटर थांबते. मोटरचा प्रवाह ओव्हरलोड रिले स्वतः तोडत नाही, तो फक्त कॉन्टॅक्टरला तोडायला सांगतो.

आप्पांनी विचारलं की फ्यूज असताना याची गरज काय. प्रश्न रास्त आहे. मोटर सुरू होताना काही क्षण पाच-सहा पट प्रवाह घेते, तेवढा सोसेल असाच फ्यूज घालावा लागतो. असा फ्यूज दीडपट प्रवाहावर तासन् तास शांत बसतो आणि मोटर जाळायला दीडपट प्रवाह पुरतो. रिलेची पट्टी तापायला वेळ घेते, म्हणून सुरुवातीचा धक्का ती जाऊ देते आणि रेंगाळणारा जादा प्रवाह पकडते. मोटरच्या वाइंडिंगचं तापणं आणि या पट्टीचं तापणं साधारण एकाच चालीने व्हावं, अशी तिची घडण असते. आयएस/आयईसी 60947-4-1 या मानकात तिच्याकडून काय अपेक्षा आहे ते लिहिलेलं आहे. चकतीच्या 1.05 पटीला दोन तास ट्रिप होता कामा नये, 1.2 पटीला दोन तासांच्या आत झालंच पाहिजे, दीडपटीला वर्ग 10 चा (वर्ग म्हणजे रिले किती चपळ त्याची प्रत) गरम रिले 4 मिनिटांच्या आत आणि 7.2 पटीला थंड रिले 10 सेकंदांच्या आत. सबमर्सिबलला वर्ग 10 किंवा त्याहून चपळ रिलेच लागतो, कारण ती मोटर अरुंद असते, भोवतीने वाहणाऱ्या पाण्यावर थंड होते आणि अडकली तर फार लवकर तापते.

हे सगळे आकडे चकतीच्या पटीत आहेत. चकती 14 वर असेल तर दीडपट म्हणजे 21 अँपिअर. चकती 22 वर असेल तर 21 अँपिअर म्हणजे रिलेच्या लेखी सगळं आलबेल.

मोटर साडेतीनशे फुटांवरून वर काढली आणि रिवाइंडिंगच्या दुकानात उघडली तेव्हा मी मुद्दाम समोर थांबलो. जळालेल्या वाइंडिंगवरून बरंच कळतं, पण दुकानात ती तासाभरात तोडून भंगारात जाते आणि बहुतेकदा कुणी बघत नाही. पंप जाम होऊन मोटर जळाली तर तिन्ही फेजच्या कॉइली सारख्या गेलेल्या दिसतात. इथे दोन फेजच्या तारांचं वेष्टन वितळून तारा एकमेकींना चिकटल्या होत्या आणि तिसऱ्या फेजची तार नव्यासारखी होती. स्टार जोडणीच्या मोटरमध्ये याचा अर्थ एकच: मोटर चालू असताना एक फेज गेला आणि ती उरलेल्या दोन फेजवर चालत राहिली.

लाइनमनकडे चौकशी केली. त्या रात्री डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, शेतांकडे जाणाऱ्या बाजूचा एका फेजचा फ्यूज उडाला होता आणि सकाळी त्यांनी तो बांधला होता. दुवा जुळला.

आता हिशेब. ही मोटर रात्री, चांगल्या व्होल्टेजला, साधारण 12 अँपिअर घेते. मोटरच्या पाटीवरचा आकडा 14. चालत्या मोटरचा एक फेज गेला की तेवढंच काम करायला उरलेल्या दोन फेजमधून सुमारे 1.73 पट प्रवाह जातो, म्हणजे इथे 20.8 अँपिअर. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, तेव्हा त्या दोन फेजमध्ये तिप्पट उष्णता. चकती 14 वर असती तर हा प्रवाह जवळजवळ दीडपट ठरला असता आणि रिलेने काही मिनिटांत मोटर बंद केली असती. चकती 22 वर होती. 20.8 हा आकडा 22 च्या आतला. रिले गप्प राहिला आणि दिलेल्या आकड्यानुसार त्याचं वागणं तंतोतंत बरोबर होतं. फ्यूज उडाले ते वाइंडिंग वितळून शॉर्ट झाल्यावर.

कॉन्टॅक्टरही का सुटला नाही? कॉइल दोन फेजच्या मध्ये जोडलेली होती आणि गेलेला फेज त्यातला नव्हता. आणि असता तरी भरवसा नव्हता, कारण फिरती मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच बरंचसं व्होल्टेज परत तयार करते, आणि एकदा ओढलेली कॉइल तेवढ्यावर धरून राहू शकते. व्होल्टेज बघणारे स्वस्त सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारी उपकरणं) याच कारणाने चालू मोटरवर फसतात. प्रत्येक फेजची तार एका कड्यातून नेऊन प्रवाह मोजणारा प्रिव्हेंटर फसत नाही, कारण गेलेल्या फेजमधला प्रवाह खरोखर शून्य होतो. या डब्यात कुठल्याच जातीचा प्रिव्हेंटर नव्हता.

मोटर का जळाली याचं उत्तर इथे मिळालं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते उरलेलं उत्तर: मुळात रिले दुपारी ट्रिप का होत होता? ते शोधलं नसतं तर चकती पुन्हा 14 वर आणल्यावर दुपारचा त्रास परत सुरू झाला असता आणि आठवड्याभरात कुणीतरी ती पुन्हा 22 वर नेली असती. त्यात वायरमन मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. फोनवर शेतकरी कळवळून सांगतोय की केळी सुकते, आणि मुलाच्या हातात फक्त एक स्क्रू ड्रायव्हर आहे.

मोटर बोअरमध्ये परत उतरवल्यावर, चकती 14 वर ठेवून, लाइट दिवसाची आल्यावर मी भर दुपारी टाँग टेस्टर (तारेभोवती चिमटा धरून प्रवाह मोजणारा मीटर) लावून बसलो. व्होल्टेज 370 च्या आसपास होतं, कारण फीडरवरच्या सगळ्या बागा एकाच वेळी पाणी ओढत होत्या. व्होल्टेज उतरलं की तेवढंच पाणी उचलायला मोटर जास्त प्रवाह घेते. तिन्ही फेजवर तेराच्या वर, पण चौदाच्या आतच. म्हणजे मोटरवर जादा भार नव्हता. तरी अर्ध्या-पाऊण तासात रिले ट्रिप झाला.

डबा पत्र्याचा, राखाडी रंगाचा, लोखंडी खांबावर, तोंड पश्चिमेला. आजूबाजूला सावली नाही. आतलं तापमान साठीच्या वर गेलेलं. पट्टीला उष्णता कळते, ती प्रवाहाने आली की उन्हाने हे तिला कळत नाही. म्हणून चांगल्या रिलेत हवामानाचा परिणाम खोडणारी आणखी एक पट्टी असते, पण मानकात ती भरपाई साधारण उणे 5 ते 40 अंशांपर्यंतची धरलेली आहे. खानदेशातल्या मेमध्ये सावलीतच 40 ओलांडतात, मग उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत काय होणार. साठ अंशांत बसलेला 14 चा रिले प्रत्यक्षात त्याहून बराच कमी प्रवाहालाच ट्रिप होतो.

पण शेजारच्या दोन बागांतले डबेही उन्हातच होते आणि ते ट्रिप होत नव्हते. म्हणून लाइट काढून, खात्री करून, मी रिलेच्या जोडण्या एकेक हलवून पाहिल्या. मधल्या फेजचा लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली तांब्याची टोपी) बोटाने फिरला. स्क्रू सैल, लगचं तांबं काळं पडलेलं, त्याखालचं बॅकेलाइट तपकिरी होऊन त्याला बारीक तडा गेलेला, आणि केबलचं आवरण इंचभर कडक होऊन वाकवल्यावर तुटणारं. लग नीट दाबलेलाच नव्हता, केबलच्या काही तारा बाहेर राहिल्या होत्या. सैल जोडणीत रोध वाढतो, तिथे उष्णता तयार होते आणि ती तांब्यातून थेट शेजारच्या तापक तारेत आणि तिथून पट्टीत जाते. उतरलेल्या व्होल्टेजने प्रवाह पाटीच्या आकड्याजवळ नेला होता, उन्हाने डबा तापवला होता आणि या सैल लगने उरलेली उष्णता पुरवली होती. तिन्ही गोष्टी एकत्र यायच्या त्या दुपारी दोन ते चारमध्येच.

रिलेची तक्रार खरी होती. मोटर तापली नव्हती, पण डब्यात आग लागण्याची तयारी चालू होती.

दुरुस्ती साधी झाली. काळा भाग कापून केबल नव्याने सोलली, योग्य मापाचा लग हत्याराने दाबून बसवला, तडा गेलेला रिले बदलला. म्हणजे आप्पांच्या निरोपाप्रमाणे नवा रिले बसलाच, कारण मात्र वेगळं निघालं. डबा पंपघराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर नेला, वर पत्र्याची पडवी काढली आणि डबा व भिंत यांत चार बोटं फट ठेवली म्हणजे मागून हवा फिरेल. चकती 14 वर. रिलेवर हँड आणि ऑटो अशी खूण असलेली छोटी कळ असते, ती हँडवर. ती ऑटोवर असेल आणि स्टार्टरही ऑटोवर असेल, तर ट्रिप झालेली मोटर थंड व्हायच्या आत पुन्हा सुरू होते, पुन्हा ट्रिप होते, आणि हा खेळ रात्रभर चालू शकतो. प्रवाह मोजणारा प्रिव्हेंटर बसवला. त्यातच ड्राय रनची, म्हणजे पाण्याविना चालणारी मोटर थांबवायची, सोय घेतली, कारण बोअरचं पाणी मेमध्ये खाली गेलं की मोटरचा प्रवाह वाढत नाही, उलट कमी होतो, आणि कमी झालेला प्रवाह ओव्हरलोड रिलेला कधीच दिसत नाही.

कॉन्टॅक्टरचे संपर्क कुणीतरी पॉलिश पेपरने घासलेले होते. चांदीच्या मिश्रधातूचा थर मुळातच पातळ असतो, घासून तो निघून जातो आणि खालचा धातू चिकटायला लागतो. संपर्क चिकटले तर रिलेने कितीही सांगितलं तरी मोटर थांबणार नाही. तेही बदलले. संपर्कावरचा काळपटपणा बघून हात शिवशिवतात हे मला ठाऊक आहे, पण तो तसाच राहू द्यावा.

आप्पांना मी चकती वाचायला शिकवली. मोटरच्या पाटीवरचा आकडा आणि चकतीवरचा आकडा जुळला पाहिजे, एवढंच. रिले पुन्हा ट्रिप झाला तर रिसेट करण्याआधी डब्याला हात लावून गरम आहे का पाहायचं, जळका वास येतो का पाहायचं, आणि टाँग टेस्टर असलेल्या माणसाला बोलवायचं. चकतीला मात्र कुणी हात लावायचा नाही. एकदा रिसेट केल्यावर चालली तर ठीक, दुसऱ्यांदा ट्रिप झाल्यास मोटर बंदच ठेवायची. "म्हन्जे त्यानं ऐकानं," आप्पा रिलेबद्दल म्हणाले.

एक काम त्यांच्या एकट्याच्या हातातलं नव्हतं. डीपीवरचा फ्यूज उडाला कसा? थ्री फेज लाइट आली की त्या डीपीवरचे सगळे ऑटो एकाच क्षणी मोटरी सुरू करतात. प्रत्येक मोटर पाच-सहा पट प्रवाह मागते, व्होल्टेज कोसळतं, काही मोटरी वेग पकडूच शकत नाहीत आणि भार लांबतो. रोज हा मार खाऊन फ्यूजची तार कमजोर होत जाते. यावर उत्तर आहे तेही रिलेचंच, वेळ लावणारा रिले. लाइट आल्यावर तो ठरवलेला वेळ थांबतो आणि मगच कॉइलला वीज देतो. बऱ्याच ऑटो स्टार्टरमध्ये ही सोय आधीच असते, फक्त सगळ्यांच्या चकत्या कारखान्यातून आल्या तशा एकाच आकड्यावर राहतात.

आप्पांनी डीपीवरच्या सगळ्यांना मारुतीच्या पारावर बोलावलं आणि क्रम ठरला: बोअर डीपीपासून जितका लांब, तितका नंबर आधीचा, कारण शेवटच्या टोकाला व्होल्टेज सगळ्यात कमी पोहोचतं आणि त्या मोटरीला सुरू व्हायला रिकामी लाइन मिळावी. दोघांच्या सुरू होण्यात अर्धा मिनिट. एकाचा स्टार्टर जुना आहे, त्यात वेळेचा रिले नाही आणि ओव्हरलोड रिले तर तार टाकून डायरेक्ट केलेला आहे. त्याची शेतात हळद लावायची घाई चालू आहे. ती उरकली की त्याचा डबा उघडायचा, असं ठरलं आहे.